वाढवण बंदर आणि मच्छीमारांची भरपाई

शिरोलीकर: कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींचे कास्टिंग (ओतीव सुटे भाग) न्हावाशेवा बंदरामार्गे परदेशी जाते. पालघर जिल्ह्यातील वाढवण येथे सुमारे 20 मीटर नैसर्गिक खोली असल्याने मोठी कंटेनर जहाजे तेथे थेट लागतील आणि आपला वाहतूक खर्च उतरेल. 76,220 कोटींच्या या बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली आहे. मच्छीमारांना रास्त भरपाई द्यावी, पण विरोध आता आवरावा, असे माझे मत आहे.

मालवणी, मुक्काम राजारामपुरी: साहेब, भरपाई कशाची, हाच तर वाद आहे. धरणग्रस्ताला लाभक्षेत्रात पर्यायी जमीन देण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे, कारण त्याच्याकडे सातबारा असतो. पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठिकाणी खुंट रोवून डोल जाळे लावणाऱ्याचा समुद्र मात्र कोणत्याच दप्तरात त्याच्या नावावर नाही. वाढवणला 1,448 हेक्टर समुद्रात भराव पडणार आहे. नौका नावावर असलेल्याला कदाचित काही मिळेलही, पण बोंबील वाळवून बाजारात नेणाऱ्या बाईच्या नावावर ना नौका असते ना परवाना. न्हावाशेवाच्या विस्ताराबाबत राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये 1,630 कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये देण्याचा आदेश दिला, तोही मच्छीमार स्वतः लवादाकडे गेले म्हणून.

मासळीप्रेमी, शाहूपुरी: मासळी कमी झाली ती पर्ससीन (थव्याला वेढणारी मोठी जाळी) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीमुळे. त्याचे खापर बंदरावर का फोडता?

मालवणी: पर्ससीनवाल्यांना मीही पाठीशी घालत नाही. सागरी मासेमारी नियमनाच्या 1981 च्या कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती करून दंड वाढवला, तो योग्यच होता. परंतु बेकायदा जाळे पकडता येते आणि थांबवता येते. भराव एकदा पडला की तो उचलता येत नाही.

शिरोलीकर: काम थांबवणे मला मान्य नाही, कारण निर्यातीवर आपल्याकडच्या कामगारांचीही घरे चालतात. मात्र भरावापूर्वी मासळी विकणाऱ्या आणि सुकवणाऱ्या महिलांसह प्रत्येक कुटुंबाची नोंद व्हावी, ही मागणी मला रास्त वाटते.

मालवणी: मग ती नोंद जून-जुलैच्या मासेमारी बंदीत करू नये, एवढेही त्या मागणीत जोडा. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असताना कोणाचा रोजगार किती, हे पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला दिसणार नाही.