निकॉन डी७५०० की कॅनन ९०डी? भिगवणच्या पक्ष्यांसाठी कॅमेरा घ्यायचाय

भीमाकाठ:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचतेय पण लिहितेय पहिल्यांदाच. माझ्याकडे सध्या कॅनन १२००डी आणि ५५-२५० लेन्स आहे, दर हिवाळ्यात बारामतीहून पहाटे निघून भिगवणजवळ कुंभारगावला जाते, होडीत बसते आणि रोहित, चित्रबलाक, शेकाट्या जे समोर येईल त्याचे फोटो काढते. बसलेल्या पक्ष्याचे बरे येतात पण नदी सुरय पाण्यावर सूर मारतो तेव्हा माझं सगळं गंडतं, ३ फ्रेम जातात सेकंदाला आणि तिन्हीत पक्षी अर्धा नाहीतर फोकस मागच्या गवतावर.

आता एकदाच नीट घ्यायचं ठरवलंय. बजेट बॉडी आणि लेन्स मिळून दीड लाख, सेकंडहँड चालेल. दोनच नावं डोक्यात आहेत, निकॉन डी७५०० आणि कॅनन ९०डी. एकात २०.९ मेगापिक्सेल आणि ८ फ्रेम, दुसऱ्यात ३२.५ आणि १० फ्रेम, मग ९०डीच चांगला ना? पण नवऱ्याचा मित्र म्हणतो पक्ष्यांसाठी डोळे झाकून निकॉन घे, २००-५०० ची लेन्स लाव आणि विसर. मला मिररलेस (आरसा नसलेला, स्क्रीनवरच चित्र दाखवणारा कॅमेरा) नकोय, बजेटमध्ये लेन्ससकट बसत नाही आणि व्ह्यूफाइंडरमधून खराखुरा पक्षी बघायची सवय आहे. एक अडचण म्हणजे उजवा खांदा, मागच्या वर्षी आखडला होता, आता बरा आहे पण तासभर जड काही उचलून धरलं की दुखतो. काय करू?

माळरान:
ताई, तुमच्या नवऱ्याचा मित्र चुकीचं सांगत नाहीये. मी डी७५०० आणि निकॉनचं २००-५०० एफ/५.६ साडेतीन वर्षं वापरतोय, बहुतेक माळरानावर, धाविक, भोवत्या, ससाणे असं. कॅननकडे ईएफ माउंटमध्ये (९०डी ला बसणाऱ्या लेन्सच्या जोडणीत) या किमतीला ५०० पर्यंत जाणारी स्वतःची झूम नाहीच, १००-४०० ची दुसरी आवृत्ती सुंदर आहे पण तुमच्या बजेटात ती एकटीच बसेल न बसेल. मग उरतात सिग्मा-टॅमरॉनच्या १५०-६००, त्या शेवटच्या टोकाला एफ/६.३ होतात, म्हणजे उजेड कमी घेतात, आणि पहाटे साडेसहाच्या उजेडात तेवढाही फरक जाणवतो.

बर्स्टचं (सलग फोटोंचं) म्हणाल तर ९०डी १० फ्रेमने पळतो खरा पण रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये, पंचवीसएक फ्रेम झाल्या की बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो, म्हणजे अडीच सेकंद. डी७५०० ८ फ्रेमनेच पण ५० रॉ सलग घेतो, सहा सेकंद. सुरय घिरट्या घालत असतो तेव्हा नेमका कधी खाली येईल ते कुणाला कळतं, मला तर ते सहा सेकंद फार उपयोगी पडलेत. ग्रुप एरिया फोकस (जवळजवळचे काही पॉइंट मिळून फोकस) लावून ठेवायचं, मोकळ्या आकाशात सुंदर पकडतो.

फक्त वजन. लेन्स २३०० ग्रॅम, बॉडी बॅटरी-कार्डासकट ७२०, म्हणजे तीन किलो. खांद्याचं म्हणताय म्हणून सांगतोय, हे मनावर घ्या. होडीत मी जुन्या जीन्सच्या पायात तांदूळ भरून शिवलेली पिशवी काठावर ठेवतो आणि लेन्स तिच्यावर टेकवतो, पण पक्षी डोक्यावरून गेला की हातानेच उचलावं लागतं.

दुर्बीण:
दोघांपैकी एक असेल तर मी ९०डी म्हणेन आणि कारण मेगापिक्सेलच आहे, पण जाहिरातीत सांगतात तसं नाही. भिगवणला आपण सगळेच क्रॉप करतो (फोटो कापून पक्षी मोठा करतो), पक्षी फ्रेमभर येतच नाही, तेव्हा विचार असा करायचा की सेन्सरच्या एका मिलिमीटरात किती पिक्सेल बसतात. ९०डी ची रुंदी २२.३ मिमी आणि त्यात ६९६० पिक्सेल, म्हणजे मिलिमीटरला ३१२. डी७५०० मध्ये २३.५ मिमीत ५५६८, म्हणजे २३७. भागाकार केला की १.३ येतो. म्हणजे तेवढ्याच अंतरावरून ९०डी वर ४०० ची लेन्स लावली तर पक्ष्यावर पडणारे पिक्सेल डी७५०० वर ५२० च्या आसपासची लेन्स लावल्याइतके होतात.

आता खांद्याकडे या. कॅननची ४०० एफ/५.६ एल ही जुनी प्राइम (झूम नसलेली लेन्स) आहे, १९९३ ची, १२५० ग्रॅम. ९०डी ७०१ ग्रॅम. एकूण दोन किलोच्या आत, माळरान यांच्या सेटपेक्षा किलोभर कमी, आणि पक्ष्यावर तपशील तेवढाच. सेकंडहँड मिळते, वाट बघावी लागते. उडत्या पक्ष्यांसाठी फोकस अजूनही झकास.

दोन गोष्टी आधीच सांगतो. हिच्यात आयएस (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, म्हणजे बसलेल्या पक्ष्याला १/२०० सेकंदावर घ्यायचं विसरा, शटर स्पीड वरच ठेवायचा. आणि ३.५ मीटरच्या आत फोकस करत नाही. शिवाय ३२ मेगापिक्सेलवर हाताची थरथर लगेच दिसते, मी उडत्या पक्ष्याला १/२००० च्या खाली जात नाही, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढला तर चढू दे.

माळरान:
हिशोब पटला, पण १/२००० आणि एफ/५.६ वर पहाटे आयएसओ ३२०० च्या पुढे जाणार आणि एवढ्या बारीक पिक्सेलमध्ये नॉइज (फोटोतले दाणे) १०० टक्क्यावर मोठा करून बघितला की ताई घाबरतील.

दुर्बीण:
१०० टक्क्यावर बघायचंच नाही ना, दोन्ही फोटो सारख्याच आकाराला आणून शेजारी ठेवा, फरक अगदी थोडा राहतो. डी७५०० किंचित स्वच्छ आहे हे मात्र मान्य.

कवडीपाट:
मला एक वेगळाच मुद्दा मांडायचाय, होडीचा. भिगवणच्या फोटोत जीव येतो तो पाण्याच्या पातळीवरून घेतलेल्या अँगलने, रोहितांचे पाय, त्यांचं प्रतिबिंब आणि मागे धुकं. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसलात की कॅमेरा पाण्यापासून दोन-अडीच फूट वर जातो आणि मागे नुसतं पाणीच पाणी. त्यासाठी स्क्रीन उघडून कॅमेरा काठाशी खाली धरायचा. स्क्रीन दोघांचीही हलते, डी७५०० ची वर-खाली, ९०डी ची बाजूला उघडून कशीही फिरते, म्हणजे उभा फोटोसुद्धा घेता येतो. पण लाइव्ह व्ह्यूतल्या (स्क्रीनवर बघून घेतलेल्या फोटोच्या) फोकसमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. ९०डी मध्ये ड्युअल पिक्सेल (सेन्सरवरूनच पटकन फोकस करणारी पद्धत) आहे, बोट लावलं की फोकस. डी७५०० लाइव्ह व्ह्यूत कॉन्ट्रास्ट बघून पुढे-मागे करत फोकस शोधतो, तोवर रोहित मान वर काढून मोकळा. ऊन चढलं की स्क्रीन दिसत नाही हे खरंय पण चांगला उजेड तरी ९ पर्यंतच असतो.

आणि सेकंडहँड घेताना एक. निकॉनचा शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) फोटोच्या एक्झिफमध्येच, म्हणजे फाइलमधल्या माहितीतच येतो, एक जेपीजी मागवली की समजतं. कॅननचा तसा येत नाही, कॅमेरा कॉम्प्युटरला जोडून सॉफ्टवेअरने बघावा लागतो, म्हणून लॅपटॉप घेऊनच जा. डी७५०० चं शटर दीड लाख फोटोंना रेट केलेलं आहे आणि ९०डी चं १ लाख २० हजारांना. लेन्समध्ये मागून मोबाइलचा टॉर्च मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी, सरळ परत द्या. आणि बिल बघितल्याशिवाय पैसे नाही. मी एकदा बिल नसलेली बॉडी स्वस्तात घेतली, ती बाहेरून आणलेली निघाली, भारतात वॉरंटी शून्य, आणि दुकानदाराने नंतर फोन उचलला नाही.

माळरान:
लाइव्ह व्ह्यूचं मान्य, तिथे मी हरलो. तरी निकॉनच्याच डी५०० चंही नाव घेतोच, आता बनत नाही पण सेन्सर डी७५०० सारखाच, १५३ फोकस पॉइंट, १० फ्रेम, आणि बफर २०० रॉ चा. मात्र ८६० ग्रॅम.

भीमाकाठ:
बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. दुर्बीण यांच्या हिशोबाने मी माझ्या १२००डी चंही गणित केलं, ५१८४ भागिले २२.३, मिलिमीटरला २३२ आलं. म्हणजे डी७५०० च्या जवळपास तेवढंच? मग मला पक्षी लहान दिसतो तो कॅमेऱ्यामुळे नाही तर २५० च्या लेन्समुळे, बरोबर ना? आणि ती ४०० माझ्या आत्ताच्या कॅमेऱ्यावर बसेल?

दुर्बीण:
अगदी बरोबर, आणि बसेल, माउंट तोच. फक्त मधला एकच फोकस पॉइंट क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) आहे तुमच्याकडे, तेवढाच वापरा, एआय सर्वो (हलत्या पक्ष्याचा सतत फोकस) वर ठेवा आणि फोकस मागच्या बटणावर घ्या. ३ फ्रेमला इलाज नाही.

कवडीपाट:
ताई, रविवारी मी कुंभारगावला येतोय, ४०० एफ/५.६ माझ्या बहिणीकडे आहे ती घेऊन येतो. माळरान, तुम्हीही २००-५०० आणि डी७५०० घेऊन या, ताईंना दोन्ही हातात घेऊन बघू दे.

भीमाकाठ:
रविवारी जाऊन आले. आधी माळरानदादांचा सेट धरला, फोकस काय पटकन लागतो, पहिल्या वीस मिनिटांत सुरयाचे सहा फोटो एकदम शार्प, इतके मला आजवर एका सीझनमध्ये मिळाले नव्हते. पण अर्ध्या तासाने खांदा बोलायला लागला आणि मी लेन्स पिशवीवरून उचलेनाशी झाले. मग ४०० माझ्याच १२००डी ला लावली. सुरय पुष्कळ निसटले, पण ओंडक्यावर बसलेल्या कवड्या खंड्याचा एक फोटो असा आलाय की पिसावरचं पाणी मोजता येईल, १/१२५०, आयएसओ ८००. दीड तास हातातच होती.

तर ठरलं, आधी ४०० शोधते, हा सीझन १२००डी वरच काढते, आणि उरलेल्या पैशात जूनपर्यंत ९०डी. कुणाच्या ओळखीत पुणे-सोलापूर पट्ट्यात बिलासकट ४०० असेल तर कळवा, टॉर्च घेऊन येते.