बिनपंखी अंटार्क्टिक चिलट हिवाळा काढतं कसं?

रानकिडा:
बेल्जिका अंटार्क्टिका या बिनपंखी चिलटाचं एक कोडं सुटत नाही. अळीला सवय न होऊ देता एकदम उणे 15 अंशांच्या आसपास नेलं की बहुतेक मरतात, असं वाचलं. अंटार्क्टिक द्वीपकल्पावर हिवाळ्यात हवा त्याहूनही थंड होते. मग ही अळी दोन हिवाळे कशी तगते? शरीरात न गोठणारं द्रव्य असतं, एवढंच?

षट्पद:
हवेचे आकडे बाजूला ठेवा, अळी हवेत नसतेच. ती असते शेवाळात, प्रासिओला शैवालाच्या थराखाली, पेंग्विनच्या विष्ठेनं खतावलेल्या मातीत. वर बर्फ साचला की तिथलं तापमान शून्याच्या खाली काही अंशांवरच रेंगाळतं.

माती ओली असेल तर बाहेरचा बर्फ कातडीला टेकतो आणि अळी गोठते. पण बर्फ पेशींच्या बाहेर धरतो, म्हणून ती वाचते. पेशीच्या आत धरला की खेळ संपला.

माती कोरडी असेल तर खरी गंमत. अळी बर्फाने वेढलेली, पण त्याला न टेकलेली. बर्फाचा बाष्पदाब (वाफ होऊन निसटण्याचा जोर) अळीतल्या द्रव पाण्यापेक्षा कमी, त्यामुळे कातडीतून पाणी बाहेर जात राहतं. उरलेला रस इतका दाट होतो की त्या तापमानाला गोठतच नाही. साधारण 70 टक्के पाणी गेलं तरी ही अळी जगते. ट्रेहॅलोज साखर पेशींची पटलं सावरते. बहुतेक कीटक पाणी धरून ठेवायला धडपडतात, ही सोडून देते!

सवयीचंही महत्त्व आहे. आधी तासभर उणे 5 ला ठेवलं, तर पुढची कडक थंडी सोसणाऱ्या अळ्या वाढतात.

हिमवाट:
भर घालतो: दोन्ही हिवाळे सारखे नसतात. पहिला बहुधा अळीच्या दुसऱ्या अवस्थेत जातो. थंडीमुळे वाढ थांबते, ऊब आली की लगेच सुरू. दुसरा चौथ्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेत. तेव्हा खरा डायपॉज असतो, म्हणजे शरीरानेच ठरवून घेतलेला वाढीचा विराम. लांबलचक थंडी सोसल्याशिवाय अळी कोषात जातच नाही. कारण उघड आहे. प्रौढ जेमतेम आठ-दहा दिवस जगतं, उडता येत नाही. सगळे एकाच सुमारास बाहेर पडले नाहीत तर जोडीदार कुठून मिळणार?

आपल्याला जवळचं उदाहरण नेपाळमधल्या ‘याला’ नावाच्या हिमनदीवरचं डायमेसा हे चिलट. त्याच्या अळ्या बर्फाखालच्या वितळपाण्यात वाढतात आणि पंख खुरटलेले प्रौढ उणे 16 अंशांतही चालताना आढळले. हे 1984 मध्ये प्रसिद्ध झालं.

रानकिडा:
म्हणजे हिवाळा उबदार झाला तर बेल्जिकाचं फावेल?

षट्पद:
उलट. सहा महिन्यांचा कृत्रिम हिवाळा उणे 1, उणे 3 आणि उणे 5 अंशांवर करून पाहिला गेलाय. उणे 1 वाल्या अळ्या कमी जगल्या, चलनवलन मंदावलं, शरीरातला ऊर्जेचा साठाही कमी उरला. ऊब असली की चयापचय चालू राहतो, खायला मात्र काही नसतं.