मोटोरो स्टिंगरेच्या कडा वर वळल्यात, खातही नाही

प्रश्न: गोड्या पाण्यातला चपटा मासा आहे, अंगाची गोल चकती २० सेंमी, टाकी ६×३×२ फूट, तळाला जाड खडी, तापमान २८ अंश. परवा नळाच्या पाण्याने निम्मं पाणी बदललं. तेव्हापासून उपाशी, कडा वर वळलेल्या. मीठ आणि निळं औषध टाकू का?

उत्तर १: औषध अजिबात नको! रेला (स्टिंगरेला) इतर माशांसारखे खवले नसतात. तांबं असलेली औषधं आणि फॉर्मेलिन त्याच्या जिवावर बेततात. कडा वळणं म्हणजे बहुधा पाणी बिघडलंय. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने कल्ले भाजतात, फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात आणि अमोनिया चढतो. अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्यच हवेत. आत्ताच तपासा. मग क्लोरिन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने ४० टक्के बदला.

उत्तर २: खडीही काढा. पोट खरचटतं आणि जखम चिघळते. बारीक गोल वाळू २-३ सेंमी, नाहीतर तळ मोकळा. हीटरला जाळी हवीच, रे त्यावर टेकून भाजतो.

प्रश्नकर्ता: अमोनिया ०.५, पीएच ७.८. पीएच उतरवू?

उत्तर १: नको, झटका बसेल. चढ्या पीएचला अमोनिया जास्त विषारी, म्हणून आधी अमोनियाच उतरवा. रोज मोजा, पाणी बदला. शून्यावर आला की गांडूळ द्या. शेपटीच्या मुळाशी हाडांसारखे दोन उंचवटे वर आलेले दिसले तर उपासमार गंभीर आहे.

उत्तर ३: रे हलवताना जाळी वापरू नका, शेपटीवरचा विषारी काटा अडकतो, टबात घ्या. डंख बसलाच तर सोसेल इतक्या, सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात हात बुडवून डॉक्टर गाठा.