स्कीवरचं मेण खरवडताना घाम निघतोय, काय चुकतंय?

मिनीचा_सोटा
लोकहो, मिनिॲपोलिसला तिसरा हिवाळा, गेल्या वर्षी थिओडोर वर्थ पार्कात स्केट स्कीइंग (सपाटीवर स्केटिंगसारखे पाय बाहेर ढकलत जायचं) शिकलो आणि यंदा उत्साहाच्या भरात कॉर्टेलोपेटला, म्हणजे बर्कीच्या (अमेरिकन बर्कबाइनर, इथली मोठी स्की शर्यत) धाकट्या बहिणीला, 29 किमीवाल्या, नाव देऊन बसलोय. मेण लावणं जमतं, इस्त्रीवर वितळवून थेंब सोडायचे आणि इस्त्री फिरवायची, त्यात काय. पण खरवडणं!! प्लास्टिकच्या पट्टीने एका स्कीला पाऊण तास, मनगटाची वाट लागली, आणि निघतं काय तर पांढरा भुगा, तोही निम्मा कार्पेटमध्ये आणि निम्मा माझ्या स्वेटरला चिकटलेला, बायको म्हणते दिवाळीचा करंजीचा पसारा बरा. काल वैतागून किचनमधलं स्टीलचं उलथनं घेतलं, फटाफट निघालं, पण आता बेसवर (स्कीच्या तळावर) बारीक लव उभी राहिल्यासारखी दिसतेय. अजून एक, लवकर गार व्हावी म्हणून स्की लगेच बाल्कनीत ठेवतो (-15 होतं काल), ते चुकतंय का? आणि मुळात सगळंच खरवडायचं तर लावायचं कशाला, थोडा थर ठेवला तर जास्त किलोमीटर टिकणार नाही का?

ओस्लोतला_मालवणी
अरे सोट्या, ते उलथनं आधी घावण्यांकडे परत पाठव. बेस म्हणजे पॉलिथिलीन, प्लास्टिकच ते, स्टीलने मेणाबरोबर तेही सोलतं, आणि तुला दिसतेय ती लव त्याचीच. मेणाला फक्त ॲक्रिलिकची पट्टी, प्लेक्सी म्हणतात ती. 3 मिमीची हातात वाकते, मधे खोल जाते आणि कडेला मेण राहतं, तू 4 किंवा 5 ची घे.

पण खरी गोम सांगू का, तुझी पट्टी बोथट आहे. भुगा पडतोय म्हणजे बोथट, धार असली की सुताराच्या रंध्यातून निघतात तशा लांब गुंडाळ्या निघतात. बघायचं असेल तर अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढ, नखाचा बारीक पापुद्रा आला पाहिजे, नुसतीच घसरली तर धार गेली. नवीन आणलेली पट्टीही बऱ्याचदा बोथटच असते हे मला दुकानात कोणी सांगितलं नव्हतं, पहिला अख्खा सीझन मी तसाच काढला. धार लावायला महागडं मशीन नको, एक सपाट फाइल टेबलाच्या कडेला क्लॅम्प कर, पट्टी अगदी काटकोनात उभी धरून चार-सहा वेळा एकाच दिशेने ओढ, मग कडेला आलेली कुसळं काढून टाक. मी प्रत्येक जोडीला एकदा लावतो, कडक मेण असेल तर प्रत्येक स्कीला.

आता खरवडणं. पहिल्यांदा मधली खाच, ती पट्टीच्या गोल कोपऱ्याने किंवा पेनसारखं हत्यार मिळतं त्याने. आधी सपाट भाग केलास आणि मग खाचेत हत्यार घसरलं तर झालेल्या कामावर ओरखडा. मग बाजूला ओघळलेलं मेण, आणि शेवटी बेस. टोकाकडून शेपटीकडे, कायम, उलट फिरायचं नाही. पट्टी दोन्ही हातांनी धरून पुढे कलती ठेव, साधारण 45 अंश, आणि लांब लांब हात मार, जोर लावायचा नाही. जोर लावावा लागला की थांब आणि धार लाव.

बाल्कनी बंद! खोलीतच अर्धा तास हळूहळू गार होऊ दे, एकदम थंडीत नेलंस तर आत मुरलेलं बाहेर येतं. अपवाद एकच, कडाक्याच्या थंडीचं कडक मेण, हिरवं बिरवं, ते पूर्ण गार झालं की काचेसारखं तडकून टवके उडतात, म्हणून ते थोडं कोमट असतानाच काढतात.

बोल्डरचा_बंड्या
एवढं कोण करतं यार, मी लावतो आणि जातो, बर्फच खरवडतं की फुकटात 😄

हिमगौरी
बंड्या, खरवडतं रे, पण तोपर्यंत तू मित्रांच्या मागे ढकलत ढकलत चाललेला असतोस आणि वरचं मऊ मेण सगळा कचरा गोळा करतं. थंड बर्फाचे कण टोकदार असतात, ते जाड थरात रुततात, म्हणून स्की ब्रेक लागल्यासारखी वाटते. शिवाय बेसवर मुद्दाम बारीक रेषा कोरलेल्या असतात, खालचं पाणी त्यातून निघून जावं म्हणून, त्या मेणाने बुजवल्यास तर कोरल्या कशाला? सोटादादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पण हेच. कामाचं मेण बेसच्या आत मुरलेलं असतं, वर दिसतं ते जास्तीचं. बिडाचा तवा मुरवतो ना आपण, तेल लावून तापवतो आणि मग वरचं पुसून घेतो, तसंच समजा. जास्त टिकायला हवं तर पुन्हा लावा, पुन्हा खरवडा, थर ठेवून काही होत नाही.

आणि खरवडून संपत नाही हं, नंतर ब्रश. आधी ब्राँझचा, मग नायलॉनचा, तोही टोकाकडून शेपटीकडेच. रेषांमधलं मेण पट्टीने निघतच नाही, ते ब्रशने येतं. खिडकी उघडी ठेवा, तो भुगा नाकात जातो.

मी म्युनिकला, माझ्या आल्पाइन (डोंगरउतारावरच्या) स्की, त्यांना स्टीलच्या कडा असतात म्हणून मी हातमोजे घालते, एकदा बोट कापून घेतलंय. बूट अडकतो तिथे स्कीला ब्रेक असतो, तो मधे येऊ नये म्हणून त्याला जाड रबर बांधते. तुमच्याकडे स्टँड आहे का? नुसतं दोन खुर्च्यांवर ठेवून करत असाल तर स्केट स्की मधे लवते आणि पट्टी नाचते, मग कितीही धार असो.

ओस्लोतला_मालवणी
+1, स्टँड नसेल तर जाड लाकडी फळी घे, मधे आधार दे आणि शेपटी भिंतीला टेकव म्हणजे सरकणार नाही. आणि तू स्केटवाला म्हणून सुटलास, आमच्या क्लासिकला (सरळ रेषेत चालायच्या स्कीला) मधल्या पट्ट्यात किक वॅक्स, म्हणजे पकड देणारं मेण, आणि ओला होऊन पुन्हा गोठलेला बर्फ असला की क्लिस्टर, म्हणजे त्याहून चिकट लगदा. फणसाचा चीक हाताला लागलाय कधी? तस्सा. मी पहिल्यांदा ते काढलं तेव्हा दाराच्या कडीपर्यंत लागलं होतं, शेवटी आईची युक्ती, गोडं तेल चोळलं हाताला, तेव्हा सुटलं. (फक्त हाताला, स्कीला नाही!)

मिनीचा_सोटा
रिपोर्ट देतो. नखाची टेस्ट केली, पट्टी साबणासारखी घसरली. फाइलवर ओढली, आठ मिनिटं गेली असतील, आणि मग पहिल्याच हाताला टोकापासून बाइंडिंगपर्यंत (बूट अडकतो तिथवर) एक सलग गुंडाळी, मी अक्षरशः बायकोला हाक मारून दाखवली. एक स्की 12 मिनिटांत. लव मात्र थोडी आहेच अजून.

हिमगौरी
नायलॉनचं बारीक पॅड, फायबरटेक्स म्हणून मिळतं, हलक्या हाताने फिरवा, मग मऊ मेण लावून कोमट असतानाच खरवडा, दोन-तीनदा. तरीही नखाला ओरखडा लागत असेल तर मग दुकानात स्टोन ग्राइंड (दगडी चाकावर बेस घासून घेणं), पण रेसच्या आदल्या आठवड्यात नको, नव्या ग्राइंडला पुन्हा मेण मुरवावं लागतं.

मिनीचा_सोटा
ठीक. आणि एवढ्या गुंडाळ्या जमल्यात त्या परत वितळवून वापरू का? आपला मराठी प्रश्न 😅

ओस्लोतला_मालवणी
नको रे. बेसमधला सगळा मळ आहे त्यात. आणि पुढच्या वेळी थेंब निम्मे सोड, म्हणजे खरवडायलाही कमी.