सोलापूरच्या गच्चीवरून: ९०/९०० दुर्बिणीला कोणता डायगोनल घ्यावा?

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ९० मिमी व्यासाची, ९०० मिमी फोकल लेंथची (भिंगापासून चित्र जमतं तिथपर्यंतचं अंतर) भिंगाची दुर्बीण आहे. तिच्यासोबत ४५ अंशांचा, चित्र सुलटं दाखवणारा प्रिझमचा डायगोनल, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला लावून प्रकाश वळवणारा जोड, आला. दिवसा टाकीवर बसलेली घार बघायला तो छान आहे.

अडचण रात्रीची. परवा नऊच्या सुमारास अप्पांना पुष्य नक्षत्रातला, म्हणजे कर्क राशीतला तारकागुच्छ दाखवायचा होता. अप्पांचं वय ७१, सगळी उमर मागावर गेली, आता मानेला पट्टा असतो. गुच्छ नेमका माथ्यावर. नळी सरळ वर केली की आयपीस (डोळा लावायचं भिंग) गुडघ्यापर्यंत खाली येतं आणि तिथून मान मागे टाकून वर बघावं लागतं. खुर्ची झाली, स्टूल झालं, शेवटी अप्पा फरशीवर बसले आणि दोन मिनिटांत "राहू दे गं, तूच सांग कसं दिसतंय" म्हणत उठले. मला नक्षत्रं त्यांनीच शिकवलीत. मला ते फार लागलं.

शिवाय व्याधाकडे दुर्बीण लावली की ताऱ्याच्या आरपार एक चमकती रेघ दिसते. भिंग पुसून झालं, रेघ जात नाही.

९० अंशांचा आरसा घेऊ की प्रिझम? ९९ टक्के परावर्तनवाल्याला जास्त पैसे मोजावेत का? आणि दोन इंची घ्यावा का? फोकसरचं, म्हणजे फोकससाठी आत-बाहेर सरकणाऱ्या नळीचं तोंड मोजलं, ३२ मिमीच्या आसपास भरतं. चार-पाच हजारांपर्यंत जमेल.

नन्नजचा_माळ

ताई, रेघेचं आधी सांगतो. भिंगाचा दोष नाही. चित्र सुलटं करणाऱ्या प्रिझमला आत छपरासारखी धार असते आणि तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश त्या धारेवर फाकतो. व्याध, गुरू, शुक्र यांच्यावर ती दिसणारच. तो डायगोनल दिवसासाठी ठेवा.

आता मानेचं. आपलं सोलापूर साधारण १७.७ अक्षांशावर. पुष्यातला गुच्छ, रोहिणी, स्वाती हे सगळे आपल्या माथ्यापासून दोन अंशांच्या आत जातात. म्हणजे इथल्या माणसाला डोक्यावरचं आकाश टाळून चालतच नाही. ९० अंशांचा डायगोनल लावला की दुर्बीण सरळ वर असताना नजर समोर, आडवी राहते. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करा, डायगोनल फिरवून आयपीस अप्पांच्या खुर्चीकडे आणा. मान हलवायची गरज नाही. खरेदीचं खरं कारण हेच धरा, टक्केवारी नंतर.

९९ आणि ९० टक्क्यांत फरक पडतो तो प्रतीच्या (ताऱ्याच्या तेजाचं माप) जेमतेम दहाव्या भागाचा. गच्चीवरच्या धुळकट हवेत तो डोळ्याला कळत नाही. ९९ टक्केवाल्यावर जो डायइलेक्ट्रिक लेप (धातूऐवजी पातळ पारदर्शक थरांचा) असतो, त्याचा मोठा फायदा म्हणजे तो टणक असतो, वर्षानुवर्षं टिकतो. बजेटात बसतोय तर तोच घ्या, पण अंधूक दीर्घिका एकदम उजळतील अशी आशा ठेवू नका.

दोन इंचीचा विचार सोडा. तुमचं तोंड सव्वा इंची आहे, बारीक तोंडातून आकाशाचं मोठं क्षेत्र येत नाही. सव्वा इंचीत ३२ मिमीची प्लॉस्ल (आयपीसचा एक प्रकार) लावली तर २८ पट मोठं आणि पावणेदोन अंशांच्या आसपास क्षेत्र मिळेल. पुष्यातला गुच्छ दीड अंशाचा, तो मावतो. २५ मिमीच्या आयपीसमध्ये कडा कापल्या जातात.

घेण्याआधी एक बघा. आत्ताच्या डायगोनलने तारा फोकस झाल्यावर नळी किती बाहेर आलेली असते ते मोजा. चार-पाच सेंटिमीटर बाहेर असेल तर नवा आरसा लावल्यावर आत सरकवायला जागा उरेल.

अक्कलकोट_रोड

वरचं पटतं, पण प्रिझमला इतक्या पटकन बाजूला सारू नका. ९० अंशांचा साधा प्रिझम, छपरावाला नव्हे, तुमच्या एफ/१० (फोकल लेंथ व्यासाच्या दहापट) दुर्बिणीला उत्तम चालतो. प्रिझममुळे रंगाची झालर वाढते ती एफ/५ सारख्या आखूड दुर्बिणीत. मी माझ्या लांब दुर्बिणीवर सहा वर्षं प्रिझमच वापरतोय, जोडतारे स्वच्छ सुटतात. त्याला लेप उडायची भीती नाही, कारण परावर्तन काचेच्या आतच होतं.

आरसा घेतलात तर तो नीट बसवलाय का ते तपासा. ध्रुवतारा घ्या. आपल्याकडे तो क्षितिजापासून फक्त १८ अंशांवर आहे, त्यामुळे थोडा थरथरतो, पण मोटर नसलेल्या स्टँडवरही जागा सोडत नाही. तो मध्यभागी आणा आणि फोकसरमध्ये डायगोनल हळूहळू फिरवा. तारा मोठं वर्तुळ काढायला लागला तर आरसा तिरका आहे. किंचित हलला तर सोडून द्या, जोडातली ढिलाई असते. मग फोकस जरासा आत-बाहेर करा. तारा एकदा आडवा, एकदा उभा लांबट होत असेल आणि डायगोनल फिरवल्यावर ती लांबी त्याच्याबरोबर फिरत असेल, तर आरसा पिळून बसवलाय. तो परत करा.

नन्नजचा_माळ

प्रिझमचं बरोबर आहे, एफ/१० ला हरकत नाही. एक राहिलं. दोन्हींत डावं-उजवं उलटं दिसणार, चंद्रसुद्धा. नकाशा जुळत नाही म्हणून घाबरू नका. संगणकावरच्या स्टेलारियम या आकाश-नकाशाच्या प्रोग्राममध्ये चित्र आडवं उलटवता येतं.

धूळ_आणि_मी

आपल्याकडे उन्हाळ्यात उडणारी धूळ बघता डायगोनलच्या दोन्ही तोंडांना टोपण हवंच. आरशावर कण बसले तर आधी रबरी फुग्याने वारा मारा. सुती कापडाने घासू नका, कणच ओरखडे काढतात. थोडी धूळ राहिली तरी चित्र बिघडत नाही.

जुळे_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. सव्वा इंची डायइलेक्ट्रिक आरसा घेतला. ध्रुवावर फिरवून पाहिला, तारा अगदी थोडा हलला. फोकस आत-बाहेर केल्यावर गोलच राहतो. व्याधावरची रेघ गेली.

काल अप्पा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले, मानेला पट्टा तसाच. पुष्य लावून दिला. वीस मिनिटं ते उठलेच नाहीत. मध्ये एकदा आईला हाक मारली, "अगं, खेकड्याच्या पोटात एवढे तारे आहेत." मग बसल्या बसल्या त्यांनी मोजायला सुरुवात केली, बेचाळीसपर्यंत गेले, तारे क्षेत्राबाहेर सरकले की मी नळी हलवायची आणि त्यांनी पहिल्यापासून मोजायचं. २५ मिमीत कडेचे सुटतात ही त्यांची तक्रार आहे.

३२ मिमीची जुनी प्लॉस्ल कुणाला द्यायची असेल तर कळवा. हा गुच्छ पश्चिमेला उतरायच्या आत मिळाली तर बरं होईल.