डिसेंबर-जानेवारीत दम्याच्या पेशंटला निफाडला न्यावं का? तिथली हवा कशी असते?

ठाण्याची_सून:
नमस्कार मंडळी. सासऱ्यांना जुना दमा आहे, वय ७४. ठाण्यात सारखं कोंडल्यासारखं होतं म्हणतात. निफाडजवळ आमचं घर आहे, बंदच असतं, आप्पांचा हट्ट की थंडीचे दोन महिने तिकडेच काढू, मोकळी हवा आहे. पण डिसेंबर लागला की बातम्यांत रोज "निफाडचा पारा घसरला", त्यात नणंद म्हणते गावाला उलट धूरच जास्त. हवेच्या ॲपवर निफाड टाकलं तर प्रदूषणाचा आकडा एकात ७०, दुसऱ्यात १५०, खरं कुठलं मानायचं? तिथे राहणाऱ्यांनी सांगा प्लीज.

कादवाकाठ:
ताई, पारा घसरतो ते खरंय, पण तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा असतो, ते उघड्या रानात आहे. गावात घरांच्या दाटीत तेवढं गार नसतं. ५-६ अंश ऐकून घाबरू नका, गोधडी आहे, स्वेटर आहे, थंडीचा बंदोबस्त होतो.

धुराचा होत नाही. दिवस मावळला की वारा पडतो आणि मग जे पेटेल ते तिथंच तरंगत राहतं. पहाटे पाचपासून घरोघरी बंब, चुली, चौकात शेकोटी, त्यात कोणीतरी टायर नाहीतर प्लॅस्टिक टाकणारच (सांगून दमलो राव), कोणी बांध पेटवलेला, आणि वरून धुई (धुकं). कधी कधी नऊ वाजले तरी समोरची बाग दिसत नाही. आणि त्याच दिवशी दुपारी १२ ला याल तर लख्ख ऊन, निळं आभाळ, म्हणाल काय स्वर्ग आहे. आप्पांना हीच दुपार आठवत असणार 😄

एक मात्र नक्की, ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणू नका. तेव्हा मका-सोयाबीनची मळणी चालू असते, तो भुसा नाकात गेला तर धडधाकट माणूस शिंकून बेजार होतो, दमेकऱ्याचं तर विचारूच नका.

भूगोलवाले_सर:
वरच्यांनी बरोबर सांगितलं, फक्त कारण जोडतो. आभाळ निरभ्र आणि वारा शांत असला की रात्री जमीन पटापट थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड आणि जड होते, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. गोदावरी-कादवा नद्यांचा हा सखल भाग, भरपूर बागायत, नांदूरमध्यमेश्वर धरणाचं पाणी, त्यामुळे धुकंही लवकर धरतं. म्हणजे ज्या रात्री निफाड बातम्यांत झळकतं त्याच पहाटे धूर सगळ्यात जास्त अडकतो. ऊन तापलं की झाकण उघडतं.

ॲपचं म्हणाल तर छोट्या गावांचे आकडे बहुतेक वेळा उपग्रह आणि कॉम्प्युटर मॉडेलवरून काढलेले असतात, नाहीतर लांबच्या स्टेशनवरून ओढलेले, म्हणून दोन ॲपचं जमत नाही. शिवाय आपल्याकडचा एक्यूआय, म्हणजे ॲपवर दिसतो तो हवेच्या प्रदूषणाचा आकडा, धुळीच्या कणांसाठी २४ तासांची सरासरी धरतो, त्यात दुपारची चांगली हवा मिसळून पहाटेचा धूर दिसेनासा होतो. पीएम २.५ ची, म्हणजे धूर-धुळीतल्या अतिबारीक कणांची, आपली मर्यादा २४ तासांच्या सरासरीला दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ सांगितली. तेव्हा ॲपवर "समाधानकारक" आलं म्हणून दमेकऱ्याने निर्धास्त होऊ नये.

थॉमसनवाला:
धुरावरून शेतकऱ्याला बोलणारे नेहमी भेटतात म्हणून सांगतो. आम्ही हौसेने द्राक्षबागेत शेकोट्या करत नाही. मण्यात पाणी उतरायच्या टायमाला रात्री ५-६ अंश आणि दुपारी २८ झालं की मणी तडकतात, पिंक बेरी येते (मणी गुलाबी पडतात), एक्सपोर्टचा माल लोकलला जातो. म्हणून घडांना पेपर लावतो, पहाटे ड्रिप सोडतो, लईच गारठलं तर शेकोटी.

धुई पडली की भुरी-डावणी या बुरशीच्या रोगांसाठी फवारणीचा ब्लोअरही फिरणार, ते थांबवता येत नाही. ताई, तुमचं घर बागेला खेटून असेल तर शेजाऱ्याला सांगून ठेवा, फवारणीच्या आधी एक फोन कर म्हणावं, लोक करतात. तेवढा वेळ त्या बाजूच्या खिडक्या बंद.

भूगोलवाले_सर:
भाऊ राग नाही, पण धुराने बागेत ऊब राहते हा समज आहे. ऊब आगीची असते, ओल्या पाचोळ्याचा नुसता धूर करून काही मिळत नाही. तुमचं पहाटेचं पाणी जास्त कामाचं, विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं.

थॉमसनवाला:
सर पाणी आम्हीपण देतो की, पण पहाटे चारला लाईट असेल तर ना 🙏

ठाण्याची_सून:
खूप धन्यवाद सगळ्यांना. घर बागेपासून जरा लांब आहे पण मागेच दोन घरांचे बंब पेटतात. आप्पांना पहाटे साडेपाचला फिरायची सवय आहे, ती कशी मोडायची देव जाणे. फेब्रुवारीत आणलं तर?

कादवाकाठ:
फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा बेस्ट, धुई कमी होते, वारा सुटतो, द्राक्षंही तयार असतात. जानेवारीतच यायचं असेल तर फिरणं सकाळी दहानंतर किंवा दुपारी चारला, सहाच्या आत घरात. झोपायची खोली बंबाच्या उलट बाजूची द्या आणि बंद घर आधी कोणाकडून तरी ओल्या फडक्याने पुसून घ्या. खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको, दार लावून तर नाहीच नाही. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना भेटून इनहेलरचा डोस आणि त्रास वाढला तर काय करायचं ते कागदावर लिहून घ्या. जास्तच झालं तर नाशिक गाठावं लागेल, त्यामुळे रात्रीबेरात्री येईल असा गाडीवाला बघून ठेवा.