"पिन तुम्हीच टाकला ना?" म्हणणाऱ्यांना उत्तर

त्रिमूर्तीनगरवाली:
आमच्या नागपुरात सगळ्या सोसायटी ग्रुपवर ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेल्यांना टोमणा मारणारा एक मेसेज फिरून राहिला आहे. "लिंक तुम्हीच उघडली, पिन तुम्हीच टाकला, मग बँकेच्या अन् पोलिसांच्या नावानं कशाला रडता? अक्कल नसेल तर रोख वापरा." खाली अंगठ्यांची रांग. मी सोडून देणार होते, पण शेजारच्या काकूंनी पण तो वाचला अन् तेव्हापासून त्यांचं खाली कट्ट्यावर येऊन बसणंच बंद झालं, म्हणून लिहून राहिली आहे.

काकू शाळेत गणित शिकवायच्या. लग्नसराईत त्यांना व्हॉट्सॲपवर पत्रिका आली, सख्ख्या भाच्याच्या नंबरवरून, डीपी पण त्याचाच, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला. उघडली तर पत्रिका दिसेना, फोन विचारतो इन्स्टॉल करू का. फाईलच्या नावाच्या शेवटी पीडीएफ नव्हतं, एपीके होतं, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल, पण नावच एवढं लांब ठेवलेलं की स्क्रीनवर शेवटी नुसती तीन टिंबं. मग त्या ॲपनं एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीपण दिल्या गेली. झालं. बँकेचे ओटीपी काकूंच्या फोनवर येत होते अन् तिथून परस्पर चोराकडे जात होते. काकूंनी कोणाला ओटीपी सांगितला नाही, कोणाशी फोनवर बोलल्या नाहीत, पिन टाकला नाही. पासबुक भरायला गेल्या तेव्हा कळलं.

आता मला सांगा, "ओटीपी शेअर करू नका" ही पाटी त्यांना कुठं कामी आली? माणूस कधी ना कधी चुकणारच आहे, हे धरूनच बंदोबस्त करावा लागतो. पेन्शन, एफडी ज्या खात्यात आहे त्या खात्याला जोडलेला मोबाईल नंबर एका साध्या बटनवाल्या फोनमध्ये ठेवा, त्यात एपीके चालतच नाही. स्मार्टफोनच्या नंबरवर दुसरं खातं, युपीआय फक्त त्यावर, अन् त्यात भाजी-किराण्यापुरतेच पैसे. जे जाईल ते तेवढंच जाईल. अन् गेलं की त्याच मिनिटाला १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, बँक नंतर, नातेवाईक त्याच्याही नंतर. चोराचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचव्यात पळत असतात, जिथं सापडतील तिथं होल्ड लागतो, म्हणजे पैसे गोठवले जातात, एकदा एटीएममधून निघाले की संपलं.

काउंटरवाले काकाजी:
ताई, तुमच्या काकूंचं वाईट वाटलं. पण माझी अख्खी नोकरी बँकेच्या काउंटरवर गेली, मी सांगतो ते पण ऐका. एक गृहस्थ आले, कानाला फोन, एफडी मोडायची म्हणे आत्ताच्या आत्ता. चेहरा पांढरा पडलेला. आम्ही विचारलं काय झालं, तर म्हणे घरगुती काम आहे, तुम्ही तुमचं काम करा. मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं, सांगितलं की डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच कायद्यात नाही, कोणताही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही. ते आमच्यावरच चिडले अन् दुसऱ्या ब्रँचमधून पैसे पाठवून मोकळे झाले. पैसा त्यांचा, खातं त्यांचं, बँक हात धरू शकते का? रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक स्पष्ट आहे, ग्राहकाच्या निष्काळजीपणानं गेलं तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा.

त्रिमूर्तीनगरवाली:
काकाजी, परिपत्रक अर्धं नका सांगू. त्याच कागदात आहे की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणी घुसून पैसे काढले, अन् बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचा तोटा शून्य. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. अन् चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे. काकूंना काउंटरवर हे कोणी सांगितलं? "मॅडम तुम्हीच काहीतरी दाबलं असेल" एवढंच ऐकून त्या घरी आल्या.

खिशात रोख:
मी किती वर्षांपासून सांगून राहिलो, कोणी ऐकत नाही. पानठेल्यावर दहा रुपयाच्या खर्र्याला पण स्कॅन करते पोट्टे. माझा फोन कॉल घ्यायला अन् करायला, बस. माझे कोणी काय नेईल?

इतवारीचा किराणा:
रोखवाले भाऊ, तुम्ही दुकान नाही चालवत म्हणून बोलून राहिले. सकाळी चिल्लर कोणाकडे असते सांगा, अन् फाटकी नोट तुम्हीच आणून देता अन् तुम्हीच भांडता.

पण मले मूळ पोस्टवर बोलायचं आहे. ताई, तुम्ही १९३० चं जे कौतुक करून राहिल्या ना, त्याची दुसरी बाजू आमच्याकडून ऐका. एक गिऱ्हाईक आलं, तेलाचा पिपा, साबुदाणा, ड्रायफ्रूट असं मोठं सामान घेतलं, क्यूआरवर पैसे टाकले, साउंडबॉक्स बोलला, मी बिल दिलं, माल गेला. काही दिवसांनी माझं पूर्ण करंट खातं बंद. काहून? तर ते पैसे दुसऱ्या राज्यातल्या कोणत्या तरी माणसाचे चोरीचे होते, त्यानं १९३० ला फोन केला अन् होल्ड माझ्या खात्यावर. आले होते काही हजार, लॉक झालं सगळंच. होलसेलवाल्यांचे चेक बाउन्स झाले, पोट्ट्याची कॉलेजची फी अडकली. बँकेत गेलो तर म्हणे तिथल्या पोलिसांना विचारा, तिथं फोन लावला तर कोणी उचलत नाही. माझा गुन्हा काय, साबुदाणा विकला हा?

त्रिमूर्तीनगरवाली:
दादा, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण म्हणून काकूंनी १९३० ला फोन करू नये का? त्यांचे पैसे कुठल्या खात्यात गेले हे त्यांना कसं कळणार?

इतवारीचा किराणा:
फोन करा ना बाप्पा, कोण नाही म्हणते. पण गेलेल्या पैशाएवढा होल्ड ठेवा, पूर्ण खातं कशाले? चोर सापडत नाही म्हणून ज्याचा पत्ता माहीत आहे त्याले धरून राहिले. गांधीबाग, इतवारीत कोणाले पण विचारून पाहा, सगळे घाबरून आहेत.

मानेवाडा ते पुणे:
मूळ विषयावर येऊ का? आईबाबा मानेवाड्याला, मी पुण्यात. मी दोघांच्या फोनमध्ये "अननोन ॲप इन्स्टॉल" बंद केलं, आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारी ॲप काढून टाकली, त्यांना सांगितलं की पैसे येणार असतील तर पिन लागतच नाही, अन् पैसे पाठवण्याआधी ॲपमध्ये बँकेतलं खरं नाव दिसतं ते वाचा. एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

काउंटरवाले काकाजी:
बेटा, शिकवलं ते चांगलं केलं, पण "आज रात्री वीज कापणार" असा चोरांचा खोटा मेसेज येतो तेव्हा तू पुण्यात असते. सगळे पोट्टे पुण्या-मुंबईत अन् इथं नुसते म्हातारे. हा खरा प्रॉब्लेम आहे.

मानेवाडा ते पुणे:
काकाजी, इथं तशी नोकरी मिळाली असती तर गेलेच नसते. माझ्या आईबाबांवरून बोलू नका प्लीज. मेसेज आला की ते आधी मला फोन करतात, हे आमचं ठरलेलं आहे.

काळा कोट:
इतवारीवाले भाऊंसाठी लिहितो, कारण मी वकील आहे, असे लोक माझ्याकडे पण येतात. बीएनएसएस या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम १०६, म्हणजे जुनं सीआरपीसी १०२, त्याखाली पोलीस बँकेला पत्र पाठवतात. पहिले बँकेकडून लेखी घ्या: कोणत्या तक्रार नंबरवर होल्ड आहे, किती रकमेचा, कोणत्या पोलीस ठाण्याचा. तोंडी उत्तरावर परत यायचं नाही. मग त्या ठाण्याला मेलवर बिल, जीएसटीचे कागद, माल कुठून आणला त्याची पावती, दुकानाचं सीसीटीव्ही असेल तर ते पाठवा अन् वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवा अशी मागणी करा. केरळ हायकोर्टानं अशा प्रकरणांत हेच म्हटलेलं आहे. तरी नाही ऐकलं तर कोर्ट. बँकच टोलवत असेल तर बँकेकडे लेखी तक्रार द्या, तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, त्याला फी लागत नाही.

इतवारीचा किराणा:
कोट साहेब, हे आम्हाले दुकान बंद ठेवून करावं लागते, ते कोण भरून देईल? बाकी माहिती कामाची आहे, तेवढं मानतो.

त्रिमूर्तीनगरवाली:
दादा, तुमचंच उदाहरण माझा मुद्दा सिद्ध करून राहिलं आहे. तुम्ही काय चुकले? काही नाही. सावध राहून तरी काय केलं असतं, गिऱ्हाईकाला पैसे कुठून आणले विचारलं असतं? नियमच बदलावा लागतो. युपीआय २०१६ मध्ये आलं तेव्हापासून "पैसे घ्यायला पिन लागत नाही" हे सांगू सांगू सगळ्यांचे घसे बसले, तरी लोक कलेक्ट रिक्वेस्टवर, म्हणजे समोरच्यानं ॲपवरून पैसे मागितले की, पिन टाकतच राहिले. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसामाणसांतली कलेक्ट रिक्वेस्टच बंद केली. आता तो रस्ताच नाही, तर कोणाला अक्कल शिकवायची गरज पण नाही. *४०१ दाबायला लावून लोकांचे कॉल चोराकडे वळवत होते, ते स्टार डायलचं कॉल फॉरवर्डिंग १५ एप्रिल २०२४ पासून थांबवलं. ही कामं वरून झाली. तसंच साठ वर्षांवरच्या खात्यातून नवीन माणसाला मोठी रक्कम जात असेल तर काही तास थांबवून ठेवा ना. कोणाचं बिघडते?

खिशात रोख:
दवाखान्यात ॲडव्हान्स भरायचा असेल तर बिघडते.

त्रिमूर्तीनगरवाली:
दवाखान्याला सूट द्या. मुद्दा तो नाही.

काउंटरवाले काकाजी:
थांबवून ठेवण्याचं मला पटलं. त्या दिवशी त्या गृहस्थांचे पैसे संध्याकाळपर्यंत अडकले असते तर घरी गेल्यावर सुनेनं फोन हिसकावून घेतला असता. आम्हाला तो अधिकार नव्हता. पण परवानगीच्या बटनावर बोट आपलं असते हे मी सोडणार नाही ताई, फोनमध्ये एवढं मोठं लिहून येते.

त्रिमूर्तीनगरवाली:
इंग्रजीत येते, काकाजी. काकूंच्या फोनची भाषा मी काल मराठी केली. अन् २०१७ च्या परिपत्रकाची प्रिंट घेऊन सोमवारी त्यांच्यासोबत बँकेत जाणार आहे. तुम्ही येता का? काउंटरच्या पलीकडचं बोलणं तुम्हाला जास्त कळते.

काउंटरवाले काकाजी:
वेळ सांगा. साडेदहाच्या आत पोहोचू, नंतर मॅनेजर मीटिंगमध्ये असतात.

इतवारीचा किराणा:
काकाजी, त्यांचं झालं की माझ्यासोबत पण या. होल्ड अजून निघाला नाही.